धुराड्यातल्या पोराची कविता आणि आमची आठवी ‘ब’: कार्यशाळा कशी वाटली

ठाण्यात वागळे इस्टेट, किसननगर, लोकमान्यनगर या पट्ट्यातल्या मराठी शाळांत इतिहास शिकवणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. आमच्या शाळेत कवितेतून बालमजुरीचा इतिहास शिकवणारी कार्यशाळा झाली हे कळल्यापासून ओळखीचे शिक्षक विचारताहेत, कशी होती, मुलं बसली का, पैसे वसूल झाले का. फोनवर सांगायला गेलं की निम्मं राहून जातं.

आधी व्यवहाराचं. ही कार्यशाळा दोघं जण शाळेत येऊन घेतात. एक मराठीच्या निवृत्त बाई आणि एक नाटकात काम करणारा तरुण, ज्याला मुलं पहिल्या पाच मिनिटांत दादा म्हणायला लागली. शनिवारची सकाळची शाळा पूर्ण लागते. एका वेळी एकच तुकडी घेतात, दोन तुकड्या एकत्र बसवायला ते नाही म्हणतात आणि ते योग्यच आहे. मुलामागे ८० रुपये, त्यात प्रत्येकाला कवितांच्या झेरॉक्सची पुस्तिका. आमच्याकडे सगळ्यांना ८० जमण्यासारखे नव्हते. मुख्याध्यापकांनी जमतील तेवढ्यांचा आकडा सांगितला, त्यांनी तो घेतला, कुणाची नावं मागितली नाहीत, पुस्तिका मात्र सगळ्यांना दिल्या.

माझं मत विचाराल तर बोलवा. पण दोन-तीन गोष्टी आधी बोलून घ्या, त्या खाली येतीलच.

मला स्वतःला शंका होती. आठवीला औद्योगिक क्रांती शिकवताना यंत्रं येतात, शोधक येतात, ‘जोड्या लावा’ येतात. त्या यंत्राखाली वाकून कापसाचा कचरा गोळा करणारी किंवा तुटलेला धागा सांधणारी सात-आठ वर्षांची मुलं येत नाहीत, आली तर एका ओळीत येतात. कवितेने ती उणीव भरून निघेल हे पटत होतं. भीती वेगळीच होती. कवितेचा तास म्हटला की बऱ्याचदा चाल लावून म्हणणं, मुलांना रडवेलं करणं आणि शेवटी एक पोस्टर, एवढ्यावर भागतं. मुलांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणजे तास चांगला झाला, असं मी मानत नाही.

आणि दुसरी भीती त्याहून मोठी. माझ्या वर्गात कामाला जाणारी मुलं आहेत. पहाटे पेपर टाकणारा आहे, संध्याकाळी गाडीवर बसणारा आहे, घरी आईबरोबर इमिटेशनच्या दागिन्यांना खडे चिकटवणाऱ्या तर तीन-चार मुली आहेत. त्यांच्यासमोर ‘बिचारी बालमजूर मुलं’ म्हणून कुणी गळा काढला असता, तर ती मुलं बाकाखाली गेली असती. एखाद्याही मुलाला मान खाली घालावी लागली का, ही माझी या कार्यशाळेची पहिली कसोटी होती. नाही लागली. का नाही लागली, ते सांगते.

सुरुवात बाईंनी खडूने केली. फरशीवर एक चौकोन काढला, नऊ इंच बाय नऊ इंच, आणि मुलांना कंपासमधल्या पट्टीने तो मोजायला लावला. इंग्लंडमधल्या जुन्या घरांत धुराड्याची नळी काही ठिकाणी एवढीच असायची, जरा ऐसपैस असली तर नऊ बाय चौदा. त्यात मोठं माणूस मावत नाही, म्हणून काजळी खरवडायला लहान पोरं वर चढवायची. एका मुलीने चौकोनावर आपली फुलस्केप वही ठेवली. वही बाहेर आली. ती काही बोलली नाही, वही उभी-आडवी फिरवून पाहिली आणि जागेवर जाऊन बसली.

या ठिकाणी दादाला एखाद्या बारीक पोराला चौकोनात उभं करून नाटक उभं करणं सहज जमलं असतं. त्याने ते केलं नाही. संपूर्ण सकाळ कुणाही मुलाकडून ‘तू आता धुराडं साफ करणारा हो’ असं करवून घेतलं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटलं. दुसऱ्याचं हाल झालेलं अंग पाच मिनिटं पांघरून मुलांना काही कळत नाही, उलट वर्गात हशा पिकतो.

मग विल्यम ब्लेक या इंग्रज कवीची कविता. १७८९ सालची. आई लवकर गेली आणि बोलता धड येत नव्हतं तेव्हा बापाने मला विकलं, असं एक पोरगं सांगतं. त्याच्याबरोबरच्या टॉमचे कोकरासारखे कुरळे केस कापतात, तो रडतो, तर हे पोरगं त्याची समजूत घालतं: बरं झालं, आता काजळीने तुझे पांढरे केस खराब व्हायचे नाहीत. रात्री टॉमला स्वप्न पडतं. हजारो मुलं काळ्या पेट्यांत कोंडलेली, एक देवदूत येऊन कुलूप काढतो, मुलं हिरव्या मैदानातून पळत जाऊन नदीत अंघोळ करतात. सकाळी अंधारात उठून टॉम झाडू-पिशवी घेऊन कामाला, थंडीतही खुशीत. कविता संपते ती जवळजवळ सुविचारावर: सगळ्यांनी आपापलं कर्तव्य केलं तर भिण्याचं कारण नाही.

बाईंनी ती स्वतः मराठीत केलेली कविता सपाट आवाजात वाचली, कुठेही आवाज न भरता. वाचून झाल्यावर ‘काय वाटलं’ असं विचारलं नाही. विचारलं ते असं: यातलं खोटं कोण बोलतंय?

आठवीच्या वर्गात या प्रश्नाने जे झालं ते मी विसरणार नाही. आधी सगळे म्हणाले, कुणीच नाही. मग मागच्या बाकावरून आलं, की केसांचं सांगतो तो मुलगा खोटं बोलतोय, पण टॉमला बरं वाटावं म्हणून. मग एक जण म्हणाला, देवदूत. मग शेवटची ओळ सापडली. ‘कर्तव्य सगळ्यांनी करायचं म्हणतात, पण विकलं बापाने, चढवलं मालकाने, आणि कर्तव्य टॉमचंच?’ हे वाक्य ज्या मुलाने उच्चारलं तो चाचणीत उत्तरपत्रिका निम्मी कोरी देतो. आणि मग त्या वही ठेवणाऱ्या मुलीने हात वर केला: ‘बाई, स्वप्नातपण त्यांना खेळणी-खाऊ नाही. अंघोळच आहे.’

बाई थांबल्या. त्यांनी तिला ते परत म्हणायला लावलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि फळ्यावर लिहिलं.

यानंतर ब्लेकचीच त्याच विषयावरची दुसरी कविता, १७९४ची, जिच्यात आईबाप मुलाला कामाला लावून देवळात प्रार्थनेला गेलेत आणि पोर हसतं-नाचतं म्हणून आपण त्याचं काही वाईट केलं असं त्यांना वाटतच नाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावर पहिल्या कवितेतला सुविचार मुलांना आपोआप टोचायला लागला. लगेच फळ्यावर कायद्यांची सालं आली. धुराडी साफ करणाऱ्या मुलांसाठी पहिला कायदा १७८८चा, आठ वर्षांखालचं मूल नको म्हणणारा, जो कुणी पाळला नाही. मग १८३४, १८४०, १८६४. आणि १८७५ साली केंब्रिजजवळच्या फुलबोर्न इथल्या रुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा अडकून मेल्यावर एकदाचा पाळायला भाग पाडणारा कायदा. मुलांनी वजाबाकी केली, ८७ वर्षं. मधल्या १८२४ साली जेम्स माँटगोमेरी या कवीने ही पोरं वाचवण्यासाठी लेख-कवितांचं एक पुस्तकच काढलं होतं आणि त्यात ब्लेकची पहिली कविता चार्ल्स लँब या लेखकाने पाठवली होती, हेही बाईंनी सांगितलं. म्हणजे आपण आज वर्गात करतोय तेच काम ती कविता दोनशे वर्षांपूर्वी करत होती. हे मला माहीत नव्हतं आणि कळून फार आनंद झाला.

सुट्टीनंतरचा भाग माझ्या मते सगळ्या कार्यशाळेचा कणा आहे. तो वगळून कुणी ‘वेळ कमी आहे, आटोपतं घ्या’ म्हणत असेल तर बोलवूच नका.

विषय कोळशाच्या खाणी. दादाने आधी घटना सांगितली. यॉर्कशायरमधल्या सिल्कस्टोन इथली हस्कर खाण, ४ जुलै १८३८, वादळी पाऊस, बाहेर पडायच्या वाटेने ओढ्याचं पाणी आत घुसलं आणि २६ मुलं बुडाली. त्यात ११ मुली. सगळ्यांत लहान मूल सात वर्षांचं. त्यानंतर १८४० साली चौकशी आयोग बसला, लॉर्ड अ‍ॅशली या खासदाराच्या खटपटीने. आयोगाची माणसं खाणीत उतरली, मुलांच्या जबान्या घेतल्या, चित्रं काढून घेतली, आणि १८४२ साली अहवाल छापला.

मग दोन कागद वाटले. एकावर सारा गुडर या आठ वर्षांच्या मुलीची त्या अहवालातली जबानी. खाणीत हवा खेळती राहावी म्हणून दरवाजे असत, कोळशाची गाडी आली की उघडायचे आणि गेली की लावायचे. ते काम हिचं. पहाटे चारला, कधी साडेतीनला जाते आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला वर येते. थकत नाही म्हणते, पण दिव्याशिवाय बसावं लागतं आणि भीती वाटते. आणि पुढे: उजेड असला तर कधी कधी गाणं म्हणते, अंधारात नाही, तेव्हा म्हणायची हिंमत होत नाही.

दुसऱ्या कागदावर एलिझाबेथ बॅरेटची (लग्नानंतरची एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग) १८४३ सालची कविता, गिरण्या-खाणींतल्या मुलांचा आकांत मांडणारी. तेरा कडव्यांपैकी चारच घेतली होती. एकात लोक मुलांना म्हणतात, या खाणीतून, शहरातून बाहेर, कुरणात फुलं तोडा. मुलं म्हणतात, आम्हाला कुरण हवं असेल तर ते फक्त आडवं पडून झोपायला. दुसऱ्यात चाकं दिवसभर घरघरतात, इतकी की डोकं, भिंती, आभाळ सगळंच फिरायला लागतं.

प्रश्न पुन्हा एकच. यातली कोण मुलांच्या तोंडून बोलते आणि कोणती मुलगी स्वतः बोलते?

इथे वर्ग दोन तट पडल्यासारखा भांडला. काहींना कविता आवडली, ‘कारण ती जोरात आहे’. काही म्हणाले साराच खरी, कारण ती ‘मी थकत नाही’ असंही सांगते, आणि कवितेतली मुलं तसं कधी म्हणणार नाहीत. बाईंनी मग माहिती पुरवली. कवयित्री आजारपणामुळे लंडनच्या घरात खिळलेली होती, खाणीत कधी गेली नव्हती. आयोगात काम केलेला आर. एच. हॉर्न तिचा मित्र, अहवाल वाचून तिने लिहिलं. तिच्या घरची श्रीमंती जमैकातल्या उसाच्या मळ्यांची, गुलामांच्या कष्टावरची. हे मुलांपासून लपवलं नाही आणि ‘म्हणून कविता खोटी’ असा निकालही दिला नाही. वर्गात कुणीतरी म्हणालं, तिला माहीत होतं म्हणूनच तिला लागलं असेल. दुसरं कुणी म्हणालं, मग तिने मळ्यातल्या मुलांवर आधी लिहायला पाहिजे होतं. ती पुढे गुलामगिरीविरुद्धही लिहिती झाली, हे मी मागून सांगितलं, पण त्या मुलाचा प्रश्न तरीही उभाच आहे.

आणि मग आमच्या पेपरवाल्या पोराने, कुणी न विचारता, बसल्या जागेवरून सांगितलं: ‘ते कुरणाचं बरोबर आहे. मे महिन्यात सगळे गावाला चल म्हणतात. मला वाटतं, कुठे नको, नुसतं झोपू दे.’

दादाने ‘तू काय काम करतोस’ असं विचारलं नाही. ‘शाब्बास’ म्हटलं नाही, खांद्यावर हात ठेवायला गेला नाही. ‘कितव्या ओळीत आहे ते?’ एवढंच विचारलं, आणि पोराने ओळ वाचून दाखवली. त्या क्षणी तो वर्गात कवितेचा अर्थ सांगणारा जाणकार होता. बस. मी आजवर पाहिलेल्या बाहेरच्या पाहुण्यांपैकी फार थोड्यांना हे भान असतं.

एक आक्षेप इथेच नोंदवते, कारण तो इतिहासाचा आहे. दादा बोलण्याच्या ओघात म्हणाला की या कवितेने खाणीतली मुलं बाहेर काढली. तसं नाही. दहा वर्षांखालच्या मुलग्यांना आणि सगळ्या बायका-मुलींना खाणीत उतरायला बंदी करणारा कायदा ऑगस्ट १८४२चा. कविता छापून आली ऑगस्ट १८४३मध्ये. अहवालातून कविता निघाली, कवितेतून अहवाल नाही. पुढे १८४४ आणि १८४७ साली गिरण्यांचे कायदे झाले तेव्हा लोकमत तापवायला तिचा हातभार लागला असं म्हणा, ते वेगळं. मी मागाहून नाही, तिथल्या तिथे सांगितलं, बाईंनी लगेच मान्य केलं आणि मुलांना फळ्यावरची दोन सालं दाखवून ‘आधी काय, नंतर काय’ विचारलं. कवितेचं मोल वाढवायला तिला न केलेल्या कामाचं श्रेय द्यायची गरज नाही. आयोगाच्या हजारो पानांतलं जे वाचायला कुणाला सवड नव्हती ते तिने घराघरांत नेलं, तेवढं पुष्कळ आहे.

कायद्यांचा तक्ता मग भराभर झाला. इंग्लंड १८३३: कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालचं मूल नको, ९ ते १३ वयाला दिवसाला नऊ तास आणि रोज दोन तास शाळा, तपासायला सगळ्या देशात चार निरीक्षक. वय ओळखायचं कसं? जन्मनोंदणीच १८३७ पासून सुरू, म्हणून दात मोजायचे. दात मोजण्यावर मुलं हसली, आणि मग हसायची थांबली. हिंदुस्थान १८८१: सात वर्षांखालच्यांना बंदी, ७ ते १२ वयाला नऊ तास, आणि तेही फक्त शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यांत. १८९१: नऊ वर्षांखाली बंदी, ९ ते १४ला सात तास. ‘म्हणजे राणी तीच, पण तिकडे नऊ आणि इकडे सात?’ हा प्रश्न आला. १८३३ साली व्हिक्टोरिया गादीवर नव्हती हे सोडलं तर प्रश्न बिनतोड होता.

माझी खरी तक्रार यापुढची. इथे ठाणं सुरू व्हायला हवं होतं आणि तेच दहा मिनिटांत गुंडाळलं.

नारायण मेघाजी लोखंडे १८४८ साली आपल्या ठाण्यात जन्मले. मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर होते, नोकरी सोडून ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवायला घेतलं. १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज: रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास द्या, साडेसहाच्या आधी कामाला जुंपू नका, पगार वेळेवर द्या. २४ एप्रिल १८९०ला दहा हजार कामगारांची सभा, जिच्यात दोन बायका बोलायला उभ्या राहिल्या, आणि १० जून १८९०ला रविवारची सुट्टी मंजूर. आपण सगळे शनिवारी रात्री निवांत झोपतो ते ज्यांच्यामुळे, ते गृहस्थ ठाण्याचे. आठवीच्या पुस्तकात त्यांचं नाव आहे. मुलांना धुराडं मोजायला चाळीस मिनिटं दिली आणि लोखंड्यांना एक स्लाइड.

शिवाय १८८१च्या कायद्यामागची गुंतागुंत पूर्ण राहिली. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावरांची, १८५४ साली काढलेली आणि १८५६ साली सुरू झालेली. पुढच्या वीस वर्षांत इथल्या गिरण्यांचं सूत मँचेस्टरच्या गिरणीमालकांना खुपायला लागलं आणि हिंदुस्थानातल्या गिरणी-मुलांची दया त्यांना तेव्हा आली. आपल्याकडचे समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली मात्र पोटतिडकीने कायद्यासाठी झटत होते. म्हणजे एकाच कायद्यामागे खरी कळकळ आणि धंद्याची गणितं दोन्ही. आठवीच्या मुलांना हे कळतं. ज्यांनी टॉमच्या कवितेतलं ‘कर्तव्य’ पकडलं त्यांनी मँचेस्टरची दयाही पकडली असती. मी पुढच्या आठवड्यात माझ्या तासाला ते घेतलं. माझे आजोबा राजापूरकडून येऊन लालबागच्या गिरणीत बाबीन (सुताची रिळं) उचलायला लागले तेव्हा वय वाढवून सांगितलं होतं, हेही सांगितलं. घरी ते अभिमानाने सांगितलं जायचं. दुसऱ्या दिवशी चार मुलं आपापल्या आजोबा-पणजोबांचं विचारून आली.

आणि मराठी कविता एकही नाही. हे मला पटलंच नाही. नारायण सुर्वे, ज्यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून घरी आणलं, जे पोरवयातच कामाला लागले आणि पुढे ‘माझे विद्यापीठ’ म्हणजे हा रस्ता, ही गिरणी असं सांगून गेले, त्यांना सोडून हा विषय ठाण्यात कसा पुरा होईल? बाईंचं म्हणणं असं, की मुलांना परक्या मुलखातलं आधी दिलं की ती मोकळी बोलतात, घरचं दिलं की गप्प होतात. पेपरवाल्या पोराचं पाहिल्यावर यात तथ्य आहे हे मी मानते. पण आधी परकं देऊन मग घरी यायचं ना. घरी यायला वेळच ठेवला नाही.

शेवटचा भाग लिहिण्याचा. सेरा क्लेगहॉर्न या अमेरिकन कवयित्रीची १९१५च्या सुमाराची चारच ओळींची कविता दिली: गोल्फचं मैदान गिरणीला इतकं लागून आहे की कामावरची मुलं जवळजवळ रोज बाहेर बघू शकतात, आणि मोठी माणसं खेळताना त्यांना दिसतात. एवढंच. एकही दुःखाचा शब्द नाही. मग मुलांना सांगितलं, तुमच्या खिडकीतून किंवा दारातून जे दिसतं ते चार ओळींत लिहा, आणि ‘गरीब’, ‘बिचारा’, ‘दुःख’ हे शब्द वापरायचे नाहीत. ही अट मी आता निबंधालाही लावते.

पोखरण रोडला पूर्वी रेमंडची गिरणी होती तिथले टॉवर बऱ्याच जणांच्या ओळींत आले. एका मुलाची कविता त्याला आणि त्याच्या आईला विचारून इथे देते:

टर्फवर दिवे लागतात सातला,
वडापावच्या गाडीवर झारा माझ्या हाताला.
सिक्स बसला की बॉल येतो इकडे,
मी उचलून फेकतो परत तिकडे.

आणि एका मुलीची:

आईने खडे मोजून दिले,
मी चिकटवून मोजून ठेवले.
टीव्हीत नवरी नटून आली,
गळ्यात आमचंच डिझाइन दिसले.

वाचून झाल्यावर टाळ्या झाल्या, त्यात दया नव्हती. टर्फवाल्या कवितेवर मुलांनी उलट विचारलं, बॉल परत टाकला तर कधी खेळायला बोलावतात का. तो म्हणाला, एकदा बोलावलं होतं, पण गिऱ्हाईक होतं.

यातूनच प्रश्न आला की मामाच्या गाडीवर हात लावणं कायद्यात बसतं का, आणि इथे पुस्तिकेतली एक चूक सापडली. तिच्यात छापलंय की १९८६च्या कायद्याने चौदा वर्षांखालची मजुरी बंद झाली. १९८६च्या कायद्याने ठरावीक धोक्याच्या कामांपुरतीच बंदी घातली होती. चौदा वर्षांखाली सरसकट बंदी २०१६च्या दुरुस्तीने आली, आणि तीही दोन पळवाटा ठेवून: मूल कलाकार असेल तर, आणि शाळा सांभाळून, धोका नसलेल्या घरच्या धंद्यात मदत करत असेल तर. घरच्यांत मामा-काका, आत्या-मावशीसुद्धा धरलेत. तेव्हा मामाची गाडी बसते, शाळा बुडत नसेल तर. दुसऱ्याची गाडी बसत नाही. चौदा ते अठरा वयाला खाणी, स्फोटकं आणि धोक्याची कामं बंद. मुलांनी यावर जो वाद घातला (‘घरचं काम दमवत नाही का?’) तो वकिलांनी ऐकावा असा होता. चूक दुरुस्त करून छापू असं बाई म्हणाल्या. तुम्ही बोलवाल तेव्हा पुस्तिका आधी मागवून पान तपासा. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर मागच्या पानावर आहे, तो बरोबर आहे.

फोटोंबद्दल एक चांगली गोष्ट. ल्यूइस हाइनने १९०८ पासून अमेरिकेतल्या गिरण्यांत काढलेले फोटो त्यांनी अगदी शेवटी दाखवले, सगळं बोलून-लिहून झाल्यावर. अनवाणी पोरं यंत्रावर चढून बाबीन बदलतात तो फोटो आधी दाखवला असता तर मुलं त्यालाच चिकटून राहिली असती आणि कवितेत शोधायला काही उरलं नसतं.

बाकी बारीकसारीक. झेरॉक्स फिकी, मागच्या बाकांवर अक्षर लागत नव्हतं. प्रोजेक्टर आमचाच, तो चालू होईपर्यंत वर्ग उधळला. दादाचा आवाज पंख्याखाली मागे पोचत नाही, बाईंचा पोचतो. सातवीला ही कार्यशाळा घेऊ नका, ब्लेकच्या दुसऱ्या कवितेत ती अडतील. आठवी-नववी बरोबर.

बोलावताना हे ठरवून घ्या: वर्गशिक्षकाने पूर्ण वेळ आत बसायचं, कारण नंतर मुलं ज्या गोष्टी सांगत येतात त्या ऐकायला ओळखीचं माणूस लागतं. मुंबई-ठाण्याच्या भागाला पाऊण तास आणि एक मराठी कविता मागून घ्या. मी मागितली आहे, पुढच्या वर्षी आठवी ‘अ’साठी देऊ म्हणालेत. तारीख दिवाळीच्या सुट्टीआधीची धरा. १२ जूनला बालमजुरीविरोधी दिन असतो म्हणून तेव्हा त्यांना मागणी जास्त, पण आपल्या शाळा तोवर उघडलेल्या नसतात, आणि नव्या वर्गाने आपल्याशी एवढं मोकळं बोलायला निदान सहामाही तरी उलटावी लागते.